बेचाळीस घरांच्या किल्ल्या

“नऊ झाले, गुरुजी. पुढचं कवा?”

वाटेत गाठ पडली की जिजी हे विचारायची. आधी बोटांची पेरं मोजत एकपासून नऊपर्यंत यायची, तिथं थांबायची, उजवा हात कमरेशी न्यायची आणि मग हा प्रश्न. कमरेला काही नसायचं, तरी हात तिथं जायचाच. ऐकणारे हसायचे. म्हातारीची आणि गुरुजींची ही काहीतरी जुनी थट्टा आहे, असं गावाला वाटायचं. मीही हसायचो. एकोणीस वर्षं हसलो.

ती थट्टा नव्हती. गावाच्या दप्तरात तिच्याबद्दल एक ओळ आहे. ती माझ्या अक्षरात आहे आणि ती खोटी आहे. आता माझं वय त्र्याहत्तर. डोळे अजून चालतात, हात थोडा कापतो. तेवढ्यात हे लिहून टाकतो.

आमचं गाव मांजरसुंब्याच्या फाट्यावरून आत गेल्यावर लागतं. नाव सांगत नाही. या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी चालेल. मी मूळचा चकलांब्याकडचा. प्राथमिक शाळेवर नेमणूक झाली म्हणून इथं आलो आणि निवृत्तीनंतर इथंच राहिलो.

दसरा झाला की या गावाची चाल बदलते. मळणीयंत्रं धडधडत असतात, सोयाबीनचा भुसा गल्लीगल्लीतून उडत असतो. कापसाची पहिली वेचणी ओसरीवर येऊन पडते. तुरीला फूल लागतं. सकाळी धुई उतरते आणि ऊन वर आलं की मागचा डोंगर एकदम जवळ सरकल्यासारखा दिसतो. याच दिवसांत बायका गोधड्या धुऊन बाभळींवर टाकतात, कोयते लोहाराकडून धार लावून, शेवटून आणले जातात, शेळ्या पाहुण्यांकडे पोचवल्या जातात. भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस गेले की ट्रक येऊन उभे राहतात. पूर्वी बैलगाड्या निघायच्या. पोरं, भांडी, कोंबड्या, सरपणसुद्धा वर चढतं. कोणी सांगलीकडे, कोणी थेट कर्नाटकात, ऊस तोडायला. परत येणं चैत्रात. मागं राहतात म्हातारी माणसं, थोडी पोरं, शाळा आणि कुलपं.

त्या कुलपांच्या किल्ल्या जिजीकडे असायच्या.

तुमच्याकडे अशी रीत असेल तर ठाऊक नाही, आमच्याकडे होती. निघायच्या सकाळी घरची बाई आपल्या जुन्या लुगड्याची बोटभर चिंधी फाडायची, ती किल्लीला घट्ट बांधायची आणि किल्ली जिजीच्या ओंजळीत टाकायची. जिजी ती कमरेच्या लोखंडी कडीत ओवायची. कुलपं सगळी आठवडी बाजारातल्या एकाच दुकानातली, एकाच मापाची. किल्ल्या जुळ्या बहिणींसारख्या. पण चिंधी ज्या घरची, ते घर जिजीला बरोबर कळायचं. पंधरा दिवसांतून एकदा ती प्रत्येक घर उघडायची, झाडायची, कणगीत हात घालून धान्य बघायची, उंदरांची बिळं लिंपायची. सणावाराला उंबऱ्यावर हळदकुंकू टाकायची. राखणीचं हे काम तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेलं.

“एवढी कुलपं लावून काय उपयोग, जिजी? चोराला पत्रा उचकटता येतोच की,” मी एकदा म्हणालो होतो.

“कुलूप चोरासाठी नसतंय, गुरुजी,” ती म्हणाली. “जानाऱ्यासाठी असतंय. त्याचा जीव मागं अडकू न्हाई म्हनून.”

एकदा शाळेच्या ओसरीवर बसवून मी तिची परीक्षा घेतली. डोळे मिटायला लावले आणि एकेक चिंधी तिच्या चिमटीत दिली. ती कापड चोळून सांगत गेली.

“ही खालच्या आळीच्या भागीरथीची. धुऊन धुऊन जाळी झालीय लुगड्याची. ही नव्या सुनेची. नायलॉनची हाय, बोटात ठरत न्हाई, तशीच ती बी घरात ठरत न्हाई.”

“आणि ही?”

ही चिंधी तिनं जरा वेळ हातात ठेवली. “ही लग्नातल्या शालूची. हिचा मालक एका साली उसाच्या फडातच गेला. पुढच्या साली शालू फाडून चिंधी दिली. म्हनली, आता कुठं नेसायचाय.”

मी गावाचा इतिहास जमवत होतो त्या दिवसांत. वेशीच्या शिलालेखाची नक्कल उतरवून घेतली होती, निजामाच्या काळातले कागद कोणाकडे आहेत ते विचारत फिरत होतो. एक आख्खा इतिहास त्या बाईच्या कमरेला लटकत असायचा, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. बौद्धवस्तीतल्या सात घरांच्या निळ्या चिंध्याही त्याच कडीत असत. तिच्या सासूच्या काळात नसत. जिजीनं कडी हातात घेतली त्या वर्षी ती स्वतः वस्तीत जाऊन किल्ल्या मागून घेऊन आली. पारावर कुरबुर झाली तेव्हा तिनं सगळ्यांना एकच विचारलं, “कावून? पाऊस काय आळी बघून पडतोय व्हय?”

ती काही देवमाणूस नव्हती. जीभ तिखट होती. बेचाळीस घरांच्या आतलं तिला ठाऊक, आणि पोटात फार दिवस राहत नसे. प्रत्येक घरातल्या लोणच्याच्या बरणीत तिचं बोट जाऊन आलेलं असे, आणि ते ती लपवतही नसे. चैत्रात बायका परतल्या की किल्ली देता देता निकाल सांगायची. “तुझ्या लोणच्याला मीठ कमी पडलं गं, बुरा आला. वरचं काढून टाकलं मी.” एखादी फणकारायची, “जिजी, तुला राखायला ठिवलं का चाखायला?” जिजी म्हणायची, “चाखल्याबिगर राखता येत न्हाई.”

तिच्या स्वतःच्या दाराला कुलूप नव्हतं. कडीत बाभळीची काटकी अडकवलेली असे. मूलबाळ नव्हतं, नवरा तरुणपणीच गेलेला, घाटनांदूरला एक भाचा. “बेचाळीस घरं हायत माझ्याजवळ,” म्हणायची, “एक उघडं ऱ्हायलं तर काय हुतंय.”

आता माझ्या कामगिरीकडे येतो.

त्या वर्षी आमचं गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. दिवाळीनंतर तपासणीचं पथक येणार होतं. सरपंचानं सगळं माझ्यावर सोपवलं. मला व्यवस्थेची हौस. शाळेतले खडूचे तुकडेसुद्धा मी रंगवार ठेवायचो. शोषखड्डे झाले, भिंतींवर सुविचार झाले. मग माझी नजर जिजीच्या कमरेकडे गेली. तेलकट, मळक्या, सुटलेल्या धाग्यांच्या बेचाळीस चिंध्या. पथकाला काय दाखवणार?

मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या गोल चकत्या कापून घेतल्या. वेशीपासून सुरुवात करून घरांना ओळीनं एक ते बेचाळीस आकडे दिले आणि चकत्यांवर लाल रंगानं ते घातले. दारांवरही आकडे टाकायचे होते, रंग संपला. मग एका दुपारी जिजीला शाळेत बोलावून कडी मागून घेतली. एकेक चिंधी बघून ती घर सांगत गेली आणि मी चिंधी कात्रीनं कापून तिथं चकती अडकवत गेलो.

“चिंधी ऱ्हाऊ द्या की, गुरुजी. तुमची चकती बी ऱ्हाऊ द्या.”

“जिजी, दोन्ही ठेवलं तर सुधारणा कसली?”

“मला अक्षर कुठं वळखू येतंय?”

“आकडे तर आहेत. रोज एक शिकवतो. बेचाळीस दिवसांत सगळं गाव तुमच्या हातात.”

“आता कुनाच्या हातात हाय?” ती म्हणाली. पण कडी परत मागितली नाही. गुरुजींचा शब्द होता.

चिंध्यांचा ढीग मी केराच्या टोपलीत टाकला.

शिकवायला मात्र मी खरंच सुरुवात केली. शाळा सुटल्यावर ती ओसरीवर येऊन बसायची. पाटीवर एक आकडा मी काढायचा, तो तिनं दहादा गिरवायचा. तोंडानं तिला शंभरपर्यंत मोजता येत होतं, चिन्ह ठाऊक नव्हतं. चार तिला विळ्यासारखा वाटला, आणि सातवर ती अडली. नवव्या दिवशी तिनं नऊ काढला आणि पदरानं कपाळ पुसलं. “उद्या धा,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. मी एक फळी करून घेतली होती, तिच्यावर बेचाळीस खिळे. किल्ल्या तिथं ओळीनं टांगल्या. साहेबांनी फळीसमोर उभं राहून फोटो काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. जिजी फोटोत नाही. पथक गेल्यावर मी किल्ल्या घाईघाईत पुन्हा कडीत ओवल्या. क्रम राहिला नाही. कडी तिच्या हातात दिली. त्या संध्याकाळी सत्कार होता, दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसलो. ती येऊन ओसरीवर बसली. “उद्या बघू,” म्हणालो. तिसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. चौथ्या दिवशी ती आली नाही. मला बरं वाटलं.

चिंध्या गेल्यावर राखण थांबली नाही. पुढची फेरी आली तसं ती प्रत्येक दारासमोर बसायची आणि किल्ल्या लावून बघायची. माझा शब्द मोडायचा नाही म्हणून तिनं पुन्हा चिंध्या बांधल्या नाहीत. पंधरा दिवसांतून उघडायचं दार महिन्यानं उघडू लागलं. मी शाळेच्या खिडकीतून पाहत होतो. सवय होईल, असं मला वाटत होतं.

मार्गशीर्ष सरत आला होता. मी त्या दिवशी केंद्रशाळेच्या बैठकीला केजकडे गेलो होतो, त्यामुळं पुढचं ऐकलेलं आहे. पण ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून ऐकलं आहे, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं.

दुपारी तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं. असा अवेळी पाऊस आमच्याकडे अधूनमधून येतो. आधी वारा सुटला, आणि त्यानं गयाबाईच्या घराचे दोन पत्रे उचलून पलीकडच्या उकिरड्यावर टाकले. गयाबाईच्या घरी त्या वर्षी मोठी तयारी होती. लेकीचं लग्न वैशाखात ठरलेलं. लग्नाची ज्वारी कणगीत भरून, रुखवताच्या गोधड्या आणि कपड्यांची ट्रंक आतल्या खोलीत रचून नवरा-बायको लेकीसकट फडावर गेली होती. पत्रे उडाले ते नेमके त्या खोलीवरचे.

जिजी धावत आली. ओल्या हातांनी किल्ल्या लावू लागली. सगळ्या किल्ल्या सारख्या, सगळ्या चकत्या सारख्या. गयाबाईचं घर वेशीपासून सत्ताविसावं, हे तिनं तोंडानं मोजून काढलं असतं. सत्तावीस दिसतो कसा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पावसात एक किल्ली लावून झाली की निसटून पुन्हा तीच हातात येई. शेजारचा दुकानदार पोतं डोक्यावर घेऊन आला. चकत्यांवरचे आकडे वाचायचं त्या घाईत त्याला सुचलं नाही.

“जिजे, घाल की दगड कुलपावर!”

“हात लावू नगंस.”

“अगं, समदं भिजतंय आत!”

“ईस्वासानं दिलेलं कुलूप हाय. दगडानं फोडलं तर उद्या कोन दील मला किल्ली?”

दुकानदारानं दगड उचललासुद्धा. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि किल्ल्या लावत राहिली. कुलूप उघडलं तेव्हा पाऊस थांबून गेला होता. आत घोटाभर पाणी होतं.

तिनं एकटीनं ज्वारी बाहेर काढून पसरली. तीन दिवस ऊन पडलं नाही. चौथ्या दिवशी मी पाहिलं. ओसरीभर ज्वारीला पांढरे मोड आले होते.

चैत्रात ट्रक परत येऊ लागले. गयाबाई घर बघून सरळ जिजीच्या ओट्यावर चढली आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. जिजी खाली मान घालून ज्वारी निवडत बसली होती. लग्न पुढं ढकला म्हटल्यावर मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी पाहिली. आठवड्यात ग्रामसभा बोलावली गेली.

मी चार महिने गप्प होतो. कोणी विचारलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. ग्रामसभेत विचारलं.

मारुतीच्या पारावर सगळे बसले होते. ग्रामसेवक नवा, त्याला गाव ठाऊक नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून वृत्तांताची वही माझ्या मांडीवर. सरपंच म्हणाला, “जिजी, आजवर कदी झालं न्हाई. मग त्या दिवशी किल्ली कावून घावली न्हाई?”

जिजीचा हात कमरेशी गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“गुरुजीला इचारा,” ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, म्हातारीला बोलता येत नाही म्हणून ती शिकलेल्या माणसावर सोडतेय. समोर गयाबाई, तिच्या मागं ती पोरगी. मागच्या देवळाच्या भिंतीवर स्पर्धेचं प्रमाणपत्र, त्यावर माझं नाव. चकत्या मी लावल्या, चिंध्या मी कापल्या आणि शिकवणं मी सोडलं, एवढं बोलायचं होतं. एका दमात होणारं वाक्य.

मी म्हणालो, “वय झालंय त्यांचं. विसर पडतो.”

मग दोघं-तिघं “खरंय, खरंय” म्हणाले. जिजीनं अजून न परतलेल्या घरांच्या किल्ल्यांसकट कमरेची कडी सोडली आणि पारावर ठेवली. ठेवताना आवाज झाला नाही. चिंध्या असताना ती कडी मऊच होती; पत्र्याच्या चकत्या लागल्यापासून वाजायची. त्या दिवशी तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मी वहीत लिहिलं : “वयोमानामुळे स्मरण राहत नसल्याने किल्ल्यांची व्यवस्था यापुढे ग्रामपंचायत कार्यालयात ठेवण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.” खाली अंगठे आणि सह्या झाल्या. तिचा अंगठाही घेतला. तो मीच धरून शाईवर टेकवला.

फळी पंचायतीत टांगली गेली. किल्ल्या फळीवर नीट राहिल्या. घरांत उंदीर झाले, कोळिष्टकं झाली, पण उघडून बघायला कोणी जात नसे, त्यामुळं तक्रारही आली नाही.

जिजीनं फेरी सोडली नाही. ट्रक गेले की रोज सकाळी वेशीपासून निघायची आणि प्रत्येक घराचं कुलूप एकदा खाली ओढून बघायची. अंगणात केर दिसला तर लोटायची. मग पुढचं घर. शाळेसमोर आली की मी दारात असलो तर थांबायची.

“एक, दोन, तीन...” नऊपर्यंत. “पुढचं कवा, गुरुजी?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातला डस्टर खाली पडला. नंतर मी हसायला शिकलो. पोरं घरी जाऊन सांगायची, जिजीला गुरुजींनी नऊपर्यंतच शिकवलंय. गाव हसायचं. विसरभोळी म्हातारी म्हणून तिची ख्याती पक्की झाली. ती दळण न्यायला निघाली तरी पोरं विचारायची, “जिजी, गिरणी कुठं हाय, ध्यानात हाय का?” ती म्हणायची, “तुझ्या आज्याचं लगीन कुठल्या साली झालं ते बी ध्यानात हाय. सांगू का, कुनासंगं व्हनार व्हतं ते?” पोरगं पळायचं. ती काहीही विसरली नव्हती. हे सगळ्यांत आधी मलाच ठाऊक होतं.

माझी बायको एकदाच बोलली. तिला सगळं ठाऊक होतं. चिंध्या टाकल्या त्या टोपलीजवळ ती उभी होती. ती म्हणाली, “एवढी पोरं शिकवलीत. दहा शिकवायला किती वेळ लागतो?” ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या भाद्रपदात जिजी अंथरुणाला लागली. भाचा घाटनांदूरहून येऊन राहिला होता. मी गेलो. जाताना पाटी घेतली. शाळेतून मागून आणली, नवी होती. तिच्या उशाशी बसलो, पाटीवर मोठा दहा काढला आणि तिच्या डोळ्यांसमोर धरला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग बोट पुढं केलं. एकावर ठेवलं, शून्यावर ठेवलं.

“एक आन पूज्य,” ती म्हणाली. “एवढंच व्हतं व्हय?”

“हो.”

“मला वाटलं लई अवघड आसंल, म्हनून तुमी टाळताव.”

भाचा चहा ठेवायला आत गेला. मी म्हणालो, “जिजी, माझं चुकलं. त्या दिवशी पारावर मी खोटं बोललो.”

तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं ऐकलं नाही. मग तिचा हात गोधडीखाली कमरेकडे सरकला.

“मला कशाला सांगताव?” ती म्हणाली. “मला तर म्हाईतच हाय.”

चार दिवसांनी ती गेली.

मी पंचायतीत अर्ज दिला की जुन्या वृत्तांतातली अमुक ओळ चूक आहे, दुरुस्ती करून घ्यावी. ग्रामसेवक तरुण आहे, चांगला आहे. म्हणाला, “सर, ती वही वाळवीनं खाल्ली असंल. आन आता ती आजीबाई बी ऱ्हायल्या न्हाईत. कोन वाचतंय?” वही मी शोधली. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या. ती ओळ शाबूत होती.

भाच्यानं निघताना तिच्या दाराला कुलूप लावलं. त्या दाराला लागलेलं ते पहिलंच. किल्ली माझ्याकडे दिली, “गुरुजी, फळी तुमच्याकडंच असती न्हवं?” खरं होतं. ग्रामसेवक आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून गेली काही वर्षं फळी मीच सांभाळतो. मी त्याला म्हणालो, जिजीच्या लुगड्याची एक चिंधी दे. त्याला कारण कळलं नाही, पण दिली. हिरवी होती. मी गाठ मारायचा प्रयत्न केला, बोटं साथ देईनात; शेवटी त्यानंच बांधून दिली. फळीच्या टोकाला त्रेचाळिसावा खिळा ठोकला आणि ती किल्ली तिथं टांगली. तिला आकडा दिला नाही.

लाल आकड्यांच्या चकत्यांत ती चिंधी लांबूनही दिसते. आलेला माणूस विचारतो, ही कशाची? की मला सांगावं लागतं. यंदा दिवाळीपासून आजवर अकरा जणांना सांगितलं. काहींनी “जाऊ द्या, गुरुजी” म्हटलं. दुकानदार मधेच उठून गेला. एका पोरानं विचारलं, मग तुम्ही तेव्हा कावून बोलला नाहीत?

भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी गयाबाई आली. आता कोयता सुनेच्या हातात आहे; ही नातवंडं सांभाळायला फडावर जाते. लेकीचं पुढं दोन वर्षांनी दुसरीकडं लग्न झालं, बरं चाललं आहे. रस्त्यावर ट्रक उभा होता, वर माणसं चढत होती. तिनं सत्ताविसाची किल्ली माझ्यापुढं केली आणि तिची नजर फळीकडे गेली.

“ही चिंधी कुनाची, गुरुजी?”

मी सांगितलं. पहिल्यापासून, कात्रीपासून. उभ्यानंच सांगितलं. तीही उभ्यानंच ऐकत राहिली. बाहेरून सून दोनदा ओरडली, “आत्याबाई, चला की!” ती हलली नाही.

“मी तिच्या वट्यावर चढून लई बोलले व्हते,” ती शेवटी म्हणाली. “रांडमुंडे म्हनले व्हते. तिनं वर बी बघितलं न्हाई.”

“तुमी तवाच बोलला असताव...” एवढं म्हणून ती थांबली. ट्रकचा भोंगा वाजला.

मी किल्लीसाठी हात पुढं केला. तिनं माझ्या हातात दिली नाही. फळीजवळ गेली. सत्तावीसचा खिळा तिला ठाऊक होता, दरवर्षी ती स्वतःच दाखवायची. त्याच्यावरून हात पुढं नेत ती टोकापर्यंत गेली, आणि आपली किल्ली जिजीच्या किल्लीवर, त्याच खिळ्याला अडकवली. मग पदर खोचून बाहेर पडली. ट्रक निघून गेल्यावरही सत्तावीसचा खिळा मोकळाच होता. मी तो तसाच राहू दिला आहे.